योजना आहे, निरोप मात्र पोहोचत नाही

प्रवेशफेऱ्यांचा हंगाम सुरू झाला, की आम्हां वैद्यांकडे रुग्णांखेरीज पालकही येऊ लागतात. मुलीला ‘नीट’मध्ये अमुक गुण आहेत, बीएएमएसला कोठे क्रमांक लागेल, वसतिगृह कसे आहे, खानावळीचा महिन्याचा खर्च किती येईल, अशा प्रश्नांची यथामति उत्तरे देणे हा आमच्या चिकित्सालयातील जणू एक विभागच झाला आहे. प्रवेश निश्चित होतो, पेढे येतात आणि आपले कर्तव्य पार पडले असे समजून आम्ही पुढील रुग्णाकडे वळतो.

दोन वर्षांपूर्वी आमचा हा समज मोडला. कन्नड तालुक्यातील आमच्या एका जुन्या रुग्णाचा मुलगा तिसऱ्या फेरीत एका आयुर्वेद महाविद्यालयात दाखल झाला होता. चार महिन्यांनी पिता-पुत्र पुन्हा आमच्यासमोर येऊन बसले. मुलाने महाविद्यालय सोडले होते आणि पुन्हा ‘नीट’ द्यावी काय, हे विचारण्यास ते आले होते. बारावीला इंग्रजीतून जीवशास्त्र शिकलेला हा मुलगा ज्या दिवशी वर्गात जाऊन बसला, त्या दिवशी पदार्थविज्ञानाचा तास सामान्य, विशेष आणि समवाय येथवर पोहोचला होता. संस्कृताशी त्याची गाठ शाळेतच सुटली होती. विचारावे कोणास, हे ठाऊक नव्हते. आम्ही त्यास म्हटले, “अरे, तुमच्याकडे ज्येष्ठ विद्यार्थ्यांचा मार्गदर्शन कक्ष असेल ना?” तो म्हणाला, “पाटी पाहिली होती. पण ज्यांचं रॅगिंग झालंय त्यांच्यासाठी आहे असं वाटलं. मला कुणी त्रास दिला नव्हता.”

हे वाक्य आमच्या मनातून जात नाही.

पुढे काही कामानिमित्त त्याच महाविद्यालयात जाणे झाले, तेव्हा आम्ही ती पाटी मुद्दाम पाहिली. कार्यालयाच्या खिडकीशेजारी, शुल्काच्या तक्त्याखाली, इंग्रजीतील एक परिपत्रक चिकटविलेले होते. विषय : समितीची स्थापना. खाली अध्यक्ष, सचिव, सदस्य अशी नावे आणि शेवटी ‘विद्यार्थी मेंटॉर’ म्हणून आठ जणांची यादी. खोली क्रमांक नाही, वेळ नाही, कशासाठी भेटावयाचे हेही नाही. यादीतील एका विद्यार्थिनीची भेट झाली. वर्षभरात तुमच्याकडे किती जण आले, असे विचारता ती म्हणाली, “एकही नाही, सर. आणि आम्ही आपणहून बोलायला गेलो तर रॅगिंग केलं म्हणतील, अशी आम्हांलाही भीती वाटते.” म्हणजे एका बाजूस विचारू इच्छिणारा मुलगा, दुसऱ्या बाजूस सांगू इच्छिणारी मुलगी, आणि दोघांच्या मध्ये एक परिपत्रक.

या परिपत्रकाचे मूळ कोठे आहे, हे आमच्या अनेक सभासदांस ठाऊक नसेल. महाराष्ट्राने रॅगिंगला प्रतिबंध करणारा कायदा १९९९ मध्येच केला. त्यात दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या राघवन समितीचा अहवाल २००७ मध्ये आला. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका वैद्यकीय महाविद्यालयात रॅगिंगमुळे एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला, तेव्हा सारा देश हादरला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगविरोधी विनियम लागू केले. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी व पालक जे प्रतिज्ञापत्र भरून देतात, ते याच विनियमांमुळे.

परंतु याच विनियमांत आणखी काही लिहिलेले आहे, आणि ते सहसा कोणी वाचत नाही. प्रत्येक संस्थेने स्वेच्छेने पुढे येणाऱ्या ज्येष्ठ विद्यार्थ्यांचा मार्गदर्शन कक्ष स्थापावा. दर सहा नवागतांमागे एक मार्गदर्शक असावा. अशा सहा मार्गदर्शकांमागे त्यांच्याहून वरच्या वर्गातील एक मार्गदर्शक असावा. संस्थेत जितके वर्ग, तितक्या या साखळीच्या पायऱ्या. एवढेच नव्हे, तर कोणत्या अडचणीसाठी कोणाकडे जावे हे पत्ता व दूरध्वनी क्रमांकांसह सांगणारे छापील पत्रक प्रत्येक नवागताच्या हाती द्यावे, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. (सहा हा आकडा पाहून आत्रेय पुनर्वसूंचे अग्निवेश, भेल, जतूकर्ण, पराशर, हारीत आणि क्षारपाणि हे सहा शिष्य आम्हांस आठवले. हा योगायोगच, पण आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यास हा आकडा परका वाटू नये.)

एकाच विनियमात अशा दोन आज्ञा आहेत. एक सांगते, ज्येष्ठांपासून सावध राहा. दुसरी सांगते, ज्येष्ठांकडे जा. पहिली आज्ञा प्रतिज्ञापत्राने, फलकाने, मदतवाहिनीच्या क्रमांकाने, दंडाच्या आकड्यासह प्रत्येक घरी पोहोचली. ती पोहोचलीच पाहिजे होती, त्याविषयी आमची तक्रार नाही. तिच्यामुळे कित्येक मुले वाचली असतील. दुसरी आज्ञा मात्र त्याच कागदांच्या पाठीमागे, त्याच दंडात्मक भाषेत, त्याच समितीच्या शीर्षकाखाली राहिली. नव्या मुलाने त्या कक्षाकडे तक्रारपेटी म्हणून पाहिले, तर तो चुकला असे आम्ही कसे म्हणावे?

कोणी म्हणेल, इतके सांगण्याचे काय कारण, मुले हुशार असतात, आपोआप ओळखी होतात. ज्याच्या घरी काका प्राध्यापक आहे, चुलतबहीण पुण्यास एमडी करीत आहे, त्याच्या बाबतीत हे खरे आहे. त्याचा मार्गदर्शक घरातच असतो. कोणते पुस्तक घ्यावे, कोणता तास चुकवू नये, मौखिक परीक्षेत काय विचारतात, हे त्यास प्रवेशापूर्वीच कळते. मराठवाड्यातील चित्र वेगळे आहे. निजामी राजवटीत येथील तरुणांस उच्च शिक्षणासाठी बहुधा हैदराबादची वाट धरावी लागे. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत या शहरात महाविद्यालय काढले, तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले ते १९५८ मध्ये. आज आयुर्वेद महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत, तरी त्यांच्या वर्गांत बसणारी मुले याच मातीतून येतात. महाविद्यालयाची पायरी चढणारी त्यांची ही पहिली किंवा दुसरी पिढी. वैजापूर, सिल्लोड, भोकरदन, गेवराई येथून एसटीने येणाऱ्या या मुलांच्या घरी ‘इंटर्नल’ म्हणजे काय, हे सांगणारे कोणी नसते. आणि विचारणे म्हणजे आपले अज्ञान उघडे पाडणे, असे त्यांस वाटते. त्यांपैकी बऱ्याच जणांच्या मनात एमबीबीएस हुकल्याचा सल असतो, ही गोष्टही आपण प्रांजळपणे मान्य करावी. आधीच हरलो असे मानणारा मुलगा मदतीच्या दारावर सहजी थाप मारीत नाही.

म्हणून निरोपाची भाषा महत्त्वाची. ‘कच्च्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन’ अशी पाटी लावली, की ज्याला खरी गरज आहे तो त्या खोलीकडे फिरकत नाही. त्या खोलीत शिरणे हीच कच्चेपणाची कबुली होते. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील शाखेत डिआना मार्टिन यांनी १९७३ मध्ये या अडचणीवर एक साधा उपाय काढला. त्यांनी कठीण विद्यार्थी शोधणे सोडून कठीण विषय शोधले. ज्या विषयात पुष्कळ जण अडखळतात, त्या विषयासाठी, तो आधी चांगल्या रीतीने उत्तीर्ण झालेला ज्येष्ठ विद्यार्थी नेमावयाचा. त्याने पुन्हा त्या तासांस बसावयाचे आणि ठरलेल्या वेळी सर्वांसाठी खुली बैठक घ्यावयाची. ही पद्धत पुढे अनेक देशांत पसरली. तिच्यातील शिक्षणशास्त्र बाजूस ठेवले, तरी शब्दयोजनेतील शहाणपण घेण्यासारखे आहे. ‘पदार्थविज्ञान सर्वांनाच जड जाते’ असे म्हटले, की हुशार मुलगाही येतो आणि गोंधळलेलाही. कोण कशासाठी आला, हे कोणास कळत नाही.

वास्तविक हे सारे आम्हांस परदेशाकडून शिकण्याची गरज नव्हती. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात ज्ञानवृद्धीचे तीन उपाय सांगितले आहेत : अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. पहिल्या दोहोंसाठी आमच्याकडे वेळापत्रक आहे, हजेरीपट आहे, परीक्षा आहे. तिसऱ्यासाठी काहीच नाही. या संभाषेचे आचार्यांनी दोन प्रकार केले, सन्धाय आणि विगृह्य. वादविवादाच्या व शास्त्रार्थाच्या स्पर्धांतून विगृह्य संभाषेचे थोडेफार दर्शन तरी घडते. सन्धाय संभाषेचा ढालतुरा नसल्यामुळे तिच्या वाट्याला कोणी जात नसावे. ती कोणाशी करावी, याचे वर्णन मात्र आजच्या कोणत्याही मार्गदर्शक-निवडीच्या अर्जाहून नेमके आहे. ज्ञान असलेला, उत्तर-प्रत्युत्तर करू शकणारा, न रागावणारा, मत्सर न करणारा, समजावून घेणारा व समजावून देणारा, कष्ट सोसणारा आणि गोड बोलणारा. अशा व्यक्तीशी निःशंकपणे बोलावे, निःशंकपणे विचारावे, हरण्याची भीती बाळगू नये आणि आपण वरचढ ठरलो तर त्याचा तोरा मिरवू नये, असा त्या विवेचनाचा आशय आहे. या गुणांत पहिल्या वर्गाने उत्तीर्ण होण्याचा उल्लेख नाही, हे निवड करणाऱ्या प्राध्यापकांनी लक्षात घ्यावे. गुणवत्तायादीतील पहिली आठ नावे उचलून त्यांस मेंटॉर म्हणून घोषित करणे सोपे आहे, परंतु ‘अकोपन’ कोण आहे हे यादीवरून कळत नाही.

शब्दाविषयीही थोडे. ‘मेंटॉर’ आणि ‘मेंटी’ हे शब्द अहवालांत आता रूढ झाले आहेत, त्यांच्याशी आम्ही भांडत नाही. परंतु आपल्या भाषेत एकाच गुरूपाशी शिकणाऱ्यास ‘सतीर्थ्य’ म्हणतात. त्यात वरचा-खालचा हा भाव नाही. आमच्या महाविद्यालयांत ज्येष्ठ विद्यार्थ्यास ‘सर’ म्हणण्याची जी सक्तीवजा प्रथा आहे, ती या कामाच्या आड येते असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्यास ‘सर’ म्हणावयाचे, त्यास ‘मला काहीच कळत नाही’ असे सांगता येत नाही. ताई किंवा दादा म्हटल्याने कोणाचा मान कमी होत नाही.

आता काळाचा प्रश्न. भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार बीएएमएसच्या आरंभी किमान पंधरा कार्यदिवसांचा परिचयवर्ग असतो. त्यात आयुर्वेदाची तोंडओळख होते आणि प्रथमोपचारही शिकविले जातात. हेतू उत्तम आहे. पण ज्यांचा प्रवेश नंतरच्या फेऱ्यांत होतो, त्यांतील अनेकांच्या वाट्याला हे पंधरा दिवस पुरतेपणी येत नाहीत. सर्वाधिक गोंधळलेला मुलगा सर्वांत शेवटी येतो आणि मार्गदर्शकांची ओळख करून देण्याचा कार्यक्रम त्यापूर्वीच उरकलेला असतो. आमचा कन्नडचा मुलगा असाच होता. शिवाय जो वेळेवर आला, त्याच्या डोक्यात त्या दिवसांत शुल्काची पावती, वसतिगृहाची चावी, जातवैधता प्रमाणपत्र आणि आईची आठवण यांखेरीज काही शिरत नाही. पहिल्या दिवशी सांगितलेले न सांगितल्यासारखेच. निरोप पुन्हा द्यावा लागतो : चौथ्या आठवड्यात, पहिल्या चाचणीचे गुण लागतात त्या दिवशी, आणि दिवाळीच्या सुटीनंतर. गावी गेलेला मुलगा परतावे की न परतावे या विचारात असतो, तो हाच काळ. त्या वेळी सूचनाफलक त्याच्या गावी जाऊ शकत नाही, एका ताईचा दूरध्वनी जाऊ शकतो.

आणखी एक बाब आमच्या अभ्यासक्रमाची खास आहे. प्रथम व्यावसायिक वर्ष अठरा महिन्यांचे असल्यामुळे नवी तुकडी येते, तेव्हा मागील वर्षी आलेली तुकडी अजून प्रथम वर्षातच असते. रचना शारीर आणि क्रिया शारीर ही पुस्तके त्यांच्याही टेबलावर उघडी असतात. कोठे अडले होते आणि कसे सुटले, हे त्यांस ताजे आठवते. मात्र त्यांची विद्यापीठ परीक्षाही तोंडावर आलेली असते. म्हणून त्यांनी अभ्यासाचे सांगावे आणि द्वितीय वर्षातील विद्यार्थ्यांनी इतर गोष्टींत सोबत करावी, अशी विभागणी आम्हांस व्यवहार्य वाटते. दोन पायऱ्यांची साखळी विनियमांतही आहेच.

मार्गदर्शकाची मर्यादाही त्याच निरोपात सांगितलेली असावी. आमच्या शास्त्राच्या विद्यार्थ्यांत एक गोड खोड आहे. समोरच्याने रात्री झोप लागत नाही म्हटले, की तृतीय वर्षाचा विद्यार्थी लगेच अश्वगंधा सुचवितो आणि अनुपानही सांगतो! हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट नव्हे. सहाध्यायी हा वैद्य नव्हे आणि समुपदेशकही नव्हे. जेवण तुटले, झोप उडाली, जगण्याविषयीच मुलगा निराशेचे बोलू लागला, तर त्यास एकटे न सोडता शिक्षकांपर्यंत नि तज्ज्ञांपर्यंत नेणे हेच त्याचे काम. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. हा क्रमांक मार्गदर्शकास पाठ असावा.

पहिल्या भेटीत काय विचारू नये, हेही सांगून ठेवावे. ‘नीटला किती होते?’ हा प्रश्न वरवर निरुपद्रवी, परंतु त्यामागून ‘कोणत्या प्रवर्गातून आलास?’ हा न विचारलेला प्रश्न डोकावतो आणि नवागतास तो बरोबर ऐकू येतो. मुंबईच्या आयआयटीत ज्येष्ठ विद्यार्थ्यांचा मार्गदर्शक उपक्रम गेली अनेक वर्षे चालू आहे. त्याच संस्थेने २०२३ मध्ये विद्यार्थ्यांस दिलेल्या भेदभावविरोधी सूचनांत प्रवेशपरीक्षेतील क्रमांक विचारणे अनुचित ठरविले. आमच्या महाविद्यालयांनी याचे अनुकरण करण्यास कोणाच्या अनुमतीची आवश्यकता नाही.

आता प्रत्यक्ष निरोप कसा असावा, याचा एक मासला देण्याचा मोह आवरत नाही. वाचकांनी तो सुधारून घ्यावा.

“नमस्कार. मी द्वितीय वर्षात आहे. माझे गाव परतूर तालुक्यात. पहिल्या वर्षी मला संस्कृत अजिबात येत नव्हते आणि पहिल्या चाचणीत मी नापास झाले होते. तुझ्यासह सहा जणांची ओळख माझ्याकडे दिली आहे. दर गुरुवारी सायंकाळी पाच वाजता मी ग्रंथालयामागच्या ओट्यावर असते. अडचण नसली तरी चहाला ये. मला ‘मॅडम’ म्हणायचे नाही. हे रॅगिंग नाही. तसे कोणी केले तर त्यासाठी वेगळा क्रमांक खाली दिला आहे.”

या मजकुरात समिती नाही, अध्यक्ष नाही, ‘तरी सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी’ हे पालुपदही नाही. एक माणूस आहे, एक वार आहे, एक ओटा आहे. ‘मी नापास झाले होते’ हे वाक्य कोणत्याही प्राचार्यांच्या स्वागतपर भाषणाहून अधिक काम करते, असा आमचा अनुभव आहे. हा निरोप प्रवेश निश्चित होताच, म्हणजे मूल घर सोडण्यापूर्वी, मराठीत जावा आणि त्याची एक प्रत पालकांसही जावी. दीडशे जणांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकलेला संदेश शुभेच्छांच्या पुष्पगुच्छांखाली तासाभरात गाडला जातो. म्हणून तो नावाने, एकेकास धाडावा. सहाच तर जण आहेत!

यावर महाविद्यालयातील आमचे प्राध्यापक मित्र म्हणतील, की आधीच निरीक्षणे, हजेरीपट आणि अहवाल यांनी जीव मेटाकुटीस आला आहे, त्यात हे नवे ओझे कशाला? त्यांची अडचण खरी आहे. मार्गदर्शन कक्षाची नोंदवही पूर्ण असली की निरीक्षक समाधानी होतात, ओट्यावर चहास कोण आले होते याची नोंद कोणी मागत नाही. परंतु हे काम प्राध्यापकांनी करावयाचे नसून विद्यार्थ्यांस करू द्यावयाचे आहे, आणि त्यासाठी त्या विद्यार्थ्यांच्या पाठीशी उघडपणे उभे राहावयाचे आहे. यादीतील त्या मुलीस रॅगिंगच्या आरोपाचे भय वाटत होते, कारण ‘तू बोल, आम्ही तुला नेमले आहे’ असे नवागतांसमोर कोणी तिचे नाव घेऊन म्हटलेच नव्हते. त्यास पाच मिनिटे लागली असती.

आमच्या संघटनेपुरते बोलावयाचे, तर सभासदांस एक करण्यासारखे आहे. आपल्या गावातून, आपल्या रुग्णांच्या घरांतून जो मुलगा वा जी मुलगी बीएएमएसला जाईल, तिचे नाव त्या महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या ओळखीच्या विद्यार्थ्यास कळवावे आणि त्याचा क्रमांक तिला द्यावा. आम्ही कन्नडच्या मुलासाठी एवढे केले नाही. पेढे मात्र खाल्ले. तो पुन्हा ‘नीट’ला बसला नाही. सध्या बी.एस्सी. करीत आहे, आणि मध्यंतरी वडिलांचे औषध नेण्यास आला असता आमच्या टेबलावरील अष्टांगहृदय उचलून त्याने बराच वेळ चाळले.

ज्या वाचकांच्या घरी यंदा प्रथम वर्षाचा विद्यार्थी आहे, त्यांस आमची विनंती आहे, की प्रवेशाच्या वेळी मिळालेली कागदपत्रांची पिशवी एकदा उघडून पाहावी. प्रतिज्ञापत्राची प्रत तीत निश्चित असेल. कोणाकडे जावे हे सांगणारे ते छापील पत्रक आहे किंवा नाही, हे आम्हांस कळवावे. असल्यास त्याची एक प्रत कार्यालयाकडे धाडावी. पुढील अंकात त्यांतील चांगली पत्रके छापण्याचा आमचा मानस आहे.